वकार सरांचा माल

वकार अहमद सर अमरावतीच्या एका मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवत. डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवत, स्वतः डॉक्टर नव्हते. पीएच.डी. करत होते, आणि ती इतक्या वर्षांपासून करत होते की नव्याने रुजू झालेल्या शिपायाला आल्या आल्या दोन गोष्टी सांगण्यात येत: पाण्याची टाकी गच्चीवर आहे, आणि वकार सरांची पीएच.डी. चालू आहे.

विषय होता माणसाची चरबी. ज्या वर्षांत दिल्ली-मुंबईहून पथकांवर पथकं येऊन वऱ्हाडातल्या माणसाच्या बरगड्या मोजून जात होती, त्या वर्षांत हा गृहस्थ वऱ्हाडातली चरबी गोळा करत होता. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. विषय पथकांच्या आधीचा होता.

चरबी म्हणजे एक गोदाम, असा लोकांचा समज असतो. जास्तीचं खाल्लं की माल आत, उपास पडला की माल बाहेर. वकार सर दर वर्षी पहिल्याच तासाला हा समज मोडून काढत. चरबी हा कारखाना आहे, तोही विनापरवाना. ताण आला की मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात, हे पुस्तकात आहे. काम झालं की शरीर त्याचे दात काढून घेतं. मग ते कॉर्टिसोन या नावाने रक्तातून नुसतं फिरत राहतं, सेवानिवृत्त माणूस सकाळी फिरतो तसं. पण चरबीच्या पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते या सेवानिवृत्ताला गाठतं, त्याचे दात परत बसवतं आणि जागच्या जागी कामाला जुंपतं. माल तिथंच तयार होतो, बहुतेक तिथंच खपतो. रक्ताला पत्ता लागत नाही. रक्त तपासलं तर रिपोर्ट येतो नॉर्मल, आणि आत कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू.

"तेव्हा रक्त काय सांगते त्याच्यावर फार जाऊ नका," असं म्हणून सर खडू खाली ठेवत. पोरं लिहून घेत. पेपरात हे कधी येत नसे.

या विषयाच्या नावात ‘ताण’ हा शब्द होता आणि तोच सरांना भोवला. त्या साली कुणाच्या तरी डोक्यातून एक ताणतणाव निवारण समिती निघाली. समितीला तज्ज्ञ हवा होता. कुणीतरी कॉलेजात फोन केला, कॉलेजातल्या कुणीतरी नाव सांगितलं, आणि वकार सर सरकारी जीपमधून प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरू लागले. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात, शाळेच्या ओसरीवर, त्यांनी चरबीच्या पेशीचं रंगीत चित्र दाखवलं. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्याच अंगावर ती वस्तू नव्हती. सगळं शांतपणे ऐकून झाल्यावर मागून एकाने विचारलं,

"साहेब, समजा चरबीच नसली, तं मंग हा ताण कुठी बनते?"

सर पाणी प्याले. "त्याच्यावर संशोधन चालू आहे," म्हणाले. टाळ्या झाल्या, चहा झाला, जीप परत निघाली.

संशोधनाला माल लागायचा. सरांचा एक सर्जन मित्र होता. पित्ताशयाचं, हर्नियाचं कुणाचं ऑपरेशन असलं की तो पेशंटला विचारून बोराएवढी चरबी काढून ठेवी. कधी धामणगाव रेल्वेच्या अडत्याची, कधी बडनेऱ्याच्या ठेकेदारीणबाईंची. पण हा तुकडा तिथल्या तिथे गोठवावा लागतो, नाही तर ते विकर मरतं आणि हातात राहतं ते नुसतं तूप. गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. कॉलेजला त्याची सोय मंजूर होती. तिच्या पायाचा दगडही बसला होता, आणि त्यावर वसतिगृहातली पोरं चादरी वाळत घालत.

बाकी गावात नायट्रोजन नियमित येई तो एकाच ठिकाणी: गुरांच्या दवाखान्यात. वळूचं वीर्य भरलेल्या बारीक कांड्या त्यात बुडवून ठेवतात. त्या दवाखान्यात नत्थुजी होते. नत्थुजी खेड्याखेड्यांत जाऊन कृत्रिम रेतनाने गाई भरवत, आणि त्यांची ती ॲल्युमिनियमची, गळ्याशी निमुळती टाकी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दोरीने आवळलेली असे. ओळखीतून ओळख निघाली, आणि सरांच्या नमुन्यांच्या नळ्यांना त्या टाकीत जागा मिळाली.

पहिल्या दिवशी नत्थुजींनी एकच प्रश्न विचारला होता.

"सर, माल कोनता हाये?"

"संशोधनाचा आहे."

"जातिवंत?"

आता काय सांगणार? ‘माणसाची चरबी आहे’ असं गुरांच्या दवाखान्यात, चार माणसं गाई-म्हशी घेऊन उभी असताना, वकार अहमद नावाच्या माणसाने सांगावं, असे ते दिवस नव्हते. सर म्हणाले, "हो, तसंच समजा."

नत्थुजी समजले. त्यांच्या आयुष्यात नायट्रोजनमध्ये आजवर एकच वस्तू ठेवलेली त्यांनी पाहिली होती. तेव्हा कॉलेजातला शिकलेला माणूस, वेगळ्या पॅकिंगमध्ये, निळा दोरा बांधून काही ठेवतो आहे, म्हणजे तो परदेशातला वळू असणार, यात त्यांना शंका उरली नाही. कुठल्या देशातला, एवढंच विचारायचं राहिलं होतं. रस्त्यात भेटले की ते लांबूनच हात वर करत. "सर, तुमचा माल सुखरूप!"

नळ्या एकेक करून संपत गेल्या. मोजणी करायची म्हणजे तुकडा वाटून त्याचा लगदा करावा लागतो. मोजणी झाली की आकडा उरतो, माणूस उरत नाही. ठेकेदारीणबाई आकडा झाल्या, अडते आकडा झाले. शेवटी टाकीत निळ्या दोऱ्याची एकच नळी राहिली. ती यास्मीनची होती.

यास्मीन म्हणजे सरांची बायको. अकोल्याची, बैदपुऱ्यातली. अमरावतीला उर्दू प्राथमिक शाळेत शिकवायची. अंगाने भरलेली होती, जिना चढून आली की पहिल्या खोलीतच बसायची. पित्ताचे खडे निघाले, ऑपरेशन ठरलं, तेव्हा सर्जन मित्राने रिवाजाप्रमाणे विचारलं आणि सरांनी तो प्रश्न रिवाजाप्रमाणे पुढे सरकवला. दवाखान्याच्या हिरव्या गाउनमध्ये पडल्या पडल्या ती सरांकडे बघत राहिली आणि मग हसली.

"ले लो, डॉक्टर साब. इत्ते साल में पैली बार मेरे पास से कुछ मांगे."

‘डॉक्टर साब’ हे पीएच.डी.ला उद्देशून असे. मूल नव्हतं. संध्याकाळी ती वह्या तपासायची, सर लेख वाचायचे, आणि वलगाव रोडवरच्या त्या दोन खोल्यांत पंख्याचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. सर मधेच मान वर करून विचारत, "कैसी हो?" ती वहीवरची नजर न काढता म्हणायची, "नॉर्मल." शब्द सरांच्याच रिपोर्टांतून उचललेला होता. सरांना तो विनोद वाटायचा.

त्या वर्षी रमजानला ती अकोल्याला आईकडे जरा लवकर गेली आणि जरा जास्त दिवस राहिली. एका सकाळी डोक्यातली शीर फुटली. सर पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं. अकोल्यातच दफन केलं.

यानंतर नळीचं काय करायचं, हा खरं तर प्रश्नच नव्हता. नागपूरचे गाइड फोनवर फोन करत. "एकच नमुना राहिला ना हो? मग उरकून टाका, प्रबंध बांधून टाका." सर ‘हो’ म्हणत आणि उरकत नसत. कारणं दोन होती. पहिलं असं की, वाटल्यावर ती उरणार नव्हती. यास्मीनचं बाकी सगळं जे व्हायचं ते झालं होतं, पण त्या नळीतला बोराएवढा तुकडा शास्त्राच्या भाषेत अजून मेलेला नव्हता. थांबलेला होता. ऊब दिली तर त्यातलं विकर, थोडा वेळ का होईना, कामाला लागलं असतं. दुसरं कारण असं की, आकडा मोठा निघाला तर? आकड्यावरून बाई सुखी होती की नव्हती हे ठरत नाही, हे जगात कुणाला माहीत असेल तर वकार सरांना. जाड माणसाच्या चरबीत हे विकर जास्तच असतं, मग तो दिवसभर हसत का असेना. हे ते पोरांना शिकवत. तरी त्यांचा हात धजत नव्हता. तो तुकडा म्हणजे ‘कैसी हो’ या प्रश्नाचं तिने न दिलेलं उत्तर होतं, असं त्यांच्या डोक्यात कुठेतरी बसलं होतं. उत्तर नको होतं, पण ते आपल्याजवळ असावं, इतकंच हवं होतं.

म्हणून दर शनिवारी सर गुरांच्या दवाखान्यात जात. टाकीचं बूच काढून नत्थुजी आत लाकडी पट्टी बुडवत. बाहेर काढल्यावर तिच्यावर जिथवर पांढरं दव धरे तिथवर नायट्रोजन. "भरून हाये, सर." सर मान हलवत. मग म्हशींच्या रांगेतून वाट काढत ते घरी येत. आठवड्यातून त्यांना कुणी काही आपुलकीने सांगावं असा हा एक प्रसंग. दुसरा शुक्रवारचा. शुक्रवारी दुपारी अकोल्याहून सासूचा, खातूनबींचा फोन येई.

"बेटा, घर में कोई तो होना. मेरी भांजी का मैं तुम से बोली थी."

"देखते, अम्मी."

"कब देखते? मेरी आँखाँ बंद हुए बाद?"

यास्मीनच्या चाळिसाव्याच्या विधीनंतर सर अकोल्याला गेले नव्हते. तिथे गेलं की कबरीवर जावं लागलं असतं, आणि तिथे उभं राहिल्यावर आपण तिचा एक तुकडा वळूंच्या शेजारी ठेवलेला आहे हे आठवलं असतं. माणसाला एवढं पुरतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सर दवाखान्यात गेले, तर कोपऱ्यातली टाकी नव्हती. टाकीच्या बुडाचं वर्तुळ तेवढं फरशीवर उमटलेलं होतं. दाराशी वामनराव ड्रेसर एका बकरीचा खूर तासत बसले होते.

"टाकी?"

"गेली ना धारणीले. सरकारी पॅकेजच्या गाई वाटल्या ना तिकडं. मोठ्या साहेबाचा हुकूम आला, जेवढ्या टाक्या असतीन तेवढ्या आना. नत्थुजी घेऊन गेले जीपमंधी."

"त्यात माझा माल होता."

"मंग तोयी गेला." वामनरावांनी बकरीचा पाय बदलला. "काहून घाबरून राहिले, सर? सरकारी जीप हाये, हरवत नाई. लवकर पोचत नाई, थे गोठ अलग."

धारणीला फोन लागेना. सर सरळ बसस्टँडवर गेले आणि परतवाड्याच्या गाडीत बसले. परतवाड्याला दुसरी गाडी. पुढे सेमाडोहचा घाट, सागाचं वाळकं जंगल, वळणावळणावर ओकणारी माणसं आणि आठवड्याच्या बाजाराच्या कोंबड्या. सरांच्या मांडीवर कुणीतरी न विचारता एक कोंबडी ठेवली आणि हरिसालला उचलून नेली. तेवढा वेळ ऊब बरी वाटली. थंडी कडाक्याची होती. सर हिशेब मांडत होते: टाकी हलली, आडवी झाली, बूच सैल राहिलं, तर नायट्रोजन किती टिकेल? हिशेब कुठल्याच बाजूने जमत नव्हता.

धारणीला विश्रामगृहामागच्या मैदानात मेळावा होता. होता म्हणजे आटोपला होता. मांडवाच्या बल्ल्या निघत होत्या आणि पांढऱ्या-काळ्या, थोराड, संकरित गाई कुठून कुठे आलो असा चेहरा करून उभ्या होत्या. त्यांच्या दोऱ्या धरून कोरकू माणसं तशाच चेहऱ्याने उभी होती. एका गाईला एका दिवसाला जेवढं लागतं तेवढं एका घरालाही मिळत नसे, हे त्या गाईला आणि त्या घराला दोघांनाही कळलेलं दिसत होतं. फक्त वाटणाऱ्यांना कळायचं बाकी होतं.

कडेला जीपजवळ, मफलर गुंडाळून, टाकीवर पाय टाकून नत्थुजी बिडी ओढत होते. सरांना पाहून ते उठले. नेहमीसारखा हात मात्र वर केला नाही.

"या, सर. बरं झालं आले. मी तुमच्यावर नाराज हाये."

"माल आहे ना?"

"हाये. असाच्या तसा हाये. पन सर, मी तुमाले देवमानूस समजत होतो बाप्पा."

"झालं काय?"

नत्थुजींनी बिडी दगडावर घासून विझवली. "काय झालं म्हन्जे? सकाळपासून गाई माजावर येऊन राहिल्या. येवढ्या दूरचा प्रवास, थंडी, पन त्याईचं त्याईले. माह्याजवळच्या कांड्या घंटाभरातच संपल्या. तिकून मोठे साहेब आले फोटोवाला घेऊन. ‘नत्थुजी, ही गाय भरवा, फोटो काढायचा हाये.’ आता मी काय भरवू? माहं डोकं? मंग मले तुमची नळी आठोली."

सरांनी टाकीकडे पाहिलं.

"म्हन्लं, सरचा माल हाये, फॉरेनचा हाये, पन गरिबाच्या गाईले लागला तं सर नाई म्हननार नाई. पाप नाई त्याच्यात. कोमट पानी नोतं. थंडीत आमी कांडी खाकेत धरतो, अंगाच्या गरमीनं बरोबर येते. तुमची नळी रुमालात गुंडाळली, दव गेलं, आन् धरली खाकेत. थोड्या वेळानं काढून पायतो, तं काय?" नत्थुजींनी आवाज खाली आणला. "तूप! पिवळं जर्द तूप, सर! येवढे दिवस माह्या टाकीत तुमी तूप ठेवलं?"

"उघडली का नळी?"

"कायले उघडतो? गाय भरवाच्या गनमंधी जात नाई, दिसत नाई वळूचं. तशीच टाकली परत टाकीत. फोटो काय, रिकाम्या गननं काढला. पन माही इज्जत गेली असती ना! लोकाइच्या गाईले मी तूप देल्लं असतं!"

सर टाकीजवळ खाली बसले. एकदा वितळून पुन्हा गोठलेला नमुना म्हणजे काय, हे त्यांनी कितीदा पोरांना सांगितलं होतं: पेशी फाटतात, आकडा काहीही येतो, असा नमुना फेकून द्यावा. आता मोजण्यात अर्थ नव्हता. उत्तर गेलं होतं. नागपूरलाही तेच कळवता आलं असतं, आणि गाइड म्हणाले असते, चला, एक कमी धरा.

"तूप नाही ते," सर म्हणाले.

"मंग काय हाये?"

"चरबी आहे. माणसाची."

नत्थुजींनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ एक गाय होती, ती रवंथ करत होती. "मानसाची म्हन्जे?"

"माझ्या बायकोची. ऑपरेशनमधे काढलेली."

"वहिनी तं..."

"हो."

नत्थुजींनी आपली डावी काख उजव्या हाताने दाबून धरली, जणू तिथे काही लागलं आहे. ती पुसावी की पुसू नये, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी डोक्याचा मफलर काढला.

"सर, मले माहीत नोतं. तुमची शपथ. मी तं वळू समजून..." एवढं बोलून त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते आणखी घाबरले. "म्हन्जे तसं नाई, वहिनीले मी..."

"राहू द्या, नत्थुजी. मीच सांगितलं नव्हतं."

"पन सर, चरबी ठेवून काय करतेत? तुमच्यात तसं काई असते काय?"

"नाही. आमच्यात उलट आहे. जे असेल ते पुरून टाकायचं." सरांनी टाकीच्या गळ्यावर बोट फिरवलं. "चरबी नुसती पडलेली नसते. रक्तातून एक वस्तू येते. झोपलेली असते. चरबी तिला जागं करते आणि आतल्या आत वापरते. बाहेर कुणाला सांगत नाही."

नत्थुजींनी विचार केला. "आमच्या घरचीयी तशीच हाये," ते म्हणाले. "काई विचारा, ‘काई नाई’ म्हनते. मंग चार दिवसानं भांडे आपटते. भांडे आपटले का मले बरं वाटते. समजते ना कायतरी."

यास्मीन भांडी आपटत नसे. सरांनी हे सांगितलं नाही. त्यांनी भलतंच विचारलं.

"किती वेळ होती तुमच्या काखेत?"

"आता घड्याळ कोन पायते? येक बिडी संपली असंन."

"गरम झाली होती?"

"झाली ना. अंगासारखी झाली. हाताले समजत नोती, येवढी झाली."

म्हणजे काम झालं होतं. सरांच्या डोक्यातला मास्तर बाहेर यायला बघत होता: तुटलेल्या पेशीत विकर कितपत चालणार, त्याला लागणारं बाकीचं सामान कुठून मिळणार, वगैरे. ते त्याचं ऐकत होते, आणि तो म्हणत होता ते खरं होतं. तरी एवढं उरतच होतं की, दोन वर्षांत पहिल्यांदा यास्मीनच्या त्या तुकड्याला माणसाच्या अंगाची ऊब मिळाली होती. असेल नसेल ते शेवटचं काम, त्याने एक बिडी संपेपर्यंत केलं होतं. आणि ती ऊब नत्थुजींची होती. त्या वेळी सर अमरावतीत, गुरांच्या दवाखान्याच्या वाटेवर, केळीवाल्याशी भाव करत होते.

नत्थुजी पुढे सरकले. "सर, आता मी काय म्हन्तो. नळी राहू द्या टाकीतच. मी रिटायर होईपर्यंत कोनी हात लावनार नाई. नायट्रोजन संपला तं मी खिशातून आनीन. वहिनी म्हन्जे आमाले..."

"काढा," सर म्हणाले.

"आँ?"

"बाहेर काढा नळी."

"खराब होईन ना, सर."

"होऊ द्या."

नत्थुजींनी बूच काढलं. टाकीच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली आणि जमिनीला लागून पसरली. गाय दोन पावलं मागे सरली. लांब चिमट्याने त्यांनी निळ्या दोऱ्याची नळी वर काढली. सरांनी रुमाल पुढे केला. दवाने नळी पांढरी झालेली होती, आतलं काहीच दिसत नव्हतं. दोघेही ती आपली आपण दिसू लागेपर्यंत थांबले. काच साफ झाली. आतला तुकडा खरंच तुपासारखा दिसत होता. नत्थुजींची चूक काढण्यात अर्थ नव्हता.

"अशी नाई, सर. कोरडी पायजे. आन् डाव्या खाकेत धरा, उजवा हात कामाले लागते," नत्थुजी म्हणाले. धंद्याच्या गोष्टीत त्यांना पुन्हा सूर सापडला होता. "हात अंगाले चिपकवून ठेवा. ढिला सोडू नका."

सरांनी स्वेटरची वरची बटणं काढली, नळी शर्टाच्या आत, बनियनच्या वर घातली आणि हात अंगाशी घट्ट धरला. गारठा सरळ हाडात गेला. मग हळूहळू कमी होऊ लागला.

परतीच्या गाडीत कंडक्टर आला तेव्हा सर एका हाताने पाकीट काढायची खटपट करत होते. ते काही जमेना.

"मास्तर, हात मोडला काय?"

"नाही. आखडला आहे."

"मंग तसं सांगा ना!" म्हणत कंडक्टरने स्वतःच सरांच्या खिशात हात घातला, पाकीट काढलं, पैसे घेतले, सुटे मोजून आत ठेवले, पाकीट परत खिशात सारलं आणि वरून खिसा थोपटला. "थंडीनं होते असं. तेल लावत जा. घरी मालकिनीले सांगा, गरम करून लावून देईन."

सर मान हलवून खिडकीकडे वळले. घाटात ऊन उतरत होतं. ताणतणाव निवारण समितीचा तज्ज्ञ परतवाड्यापर्यंत तसाच, एका कुशीवर झुकून बसून राहिला.

परतवाड्याला मोबाइलला रेंज आली. स्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती आणि तिच्या पलीकडे अंजनगाव-अकोटवरून अकोल्याला जाणारी. अमरावतीची रिकामी होती, जागा मिळाली असती. यास्मीनची कबर अकोल्याला होती. सर दोन्ही गाड्यांच्या मधे, डिझेलच्या धुरात, हात अंगाशी धरून उभे राहिले. मागून कुणीतरी ‘ओ काका, येका बाजूले व्हा’ म्हणालं. ते एका बाजूला झाले, ती बाजू अकोल्याच्या गाडीची होती.

आत जागा मिळाल्यावर त्यांनी उजव्या हाताने फोन लावला.

"अम्मी, मैं वकार. आज आ रा हूँ अकोला."

पलीकडे खातूनबींनी काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आज? न ईद, न कुछ. खैरियत तो है?"

"हौ. काम है थोड़ा. कबरस्तान जाना है."

"जाएंगे. सुबे जाएंगे, मैं बी आती." त्या थांबल्या. मग त्यांचा आवाज बदलला. इतके शुक्रवार ज्या गोष्टीची वाट पाहिली तिचा वास आल्यासारखा. "अकेले आ रे, के कोई साथ में है?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. अमरावतीची गाडी तशीच रिकामी निघून चालली होती. काखेतली नळी आता अंगाइतकीच गरम झाली होती. आहे की नाही, हे कळायला हात थोडा हलवून पाहावा लागत होता.

"आके बताता, अम्मी."

"बाहर कुछ मत खाना," खातूनबी म्हणाल्या. "देर हुई तो बी जगती मैं."

ड्रायव्हर चढला, दार आपटलं, गाडी हलली. अंजनगावच्या रस्त्याला लागेपर्यंत सरांनी दोनदा हात हलवून पाहिला. होती.